खजुराखालची बाई

भांडण चाललं होतं पडद्याच्या पलीकडे, आणि अलीकडे सिमा कांदा चिरायचं सोंग करून बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझगावच्या त्या दोन खोल्यांत पडदा हीच भिंत. ऐकायचं नाही म्हटलं तरी माणूस कान कुठे काढून ठेवणार?

भांडत होते तिचा नवरा राफाएल आणि थोरला दीर एझ्रा. ही बेने इस्रायल माणसं, म्हणजे आपल्या अलिबागकडची मराठी बोलणारी ज्यू मंडळी, पेझारकर आडनावाची. त्या दिवसांत त्यांच्यातली निम्मी घरं इस्रायलला निघाली होती. एझ्राच्या ट्रंका दोरी बांधून तयार होत्या. राफाएल मात्र विलायतेचा कागद घेऊन आला होता. मोटारींच्या कारखान्यात फिटरची नोकरी.

"एवढी वर्षं त्यांनी आपल्या खिशातल्या नाण्यांवर स्वतःची डोकी छापली," एझ्रा म्हणत होता. "एकदाचे गेले, तर तू त्यांच्या दारात जाऊन उभा राहणार?"

"डोकं कुणाचं का असेना, दादा. नाणं तर माझ्या खिशात असतं."

"हीच ती गुलामाची भाषा."

यावर राफाएल काय बोलला ते सिमाला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी कपबशी आपटली. एझ्रा चहा न पिता जिना उतरून गेला. पुढे एक भाऊ बोटीनं इकडे गेला आणि एक तिकडे. सणासुदीला फोन व्हायचे, तब्येती विचारल्या जायच्या, पण ती कपबशी काही जुळली नाही. सिमाच्या कांद्याचा त्या दिवशी लगदा झाला होता, तोच तिनं आमटीत ढकलला.

तर सांगायचं काय, की नाण्यावरच्या डोक्याची ज्याला काडीचीही पर्वा नव्हती, त्या माणसानं म्हातारपणी एका नाण्यापायी चार हिवाळे चिखलात घातले. माणसाचं काही सांगता येत नाही.

लंडनच्या कडेला इल्फर्डला त्यांचं घर होतं, ओळीतलं, पुढे हातरुमालाएवढी बाग आणि मागे चादरीएवढी. राफाएलनं तीस-बत्तीस वर्षं कारखान्यात काढली. सिमा कोट शिवायच्या फॅक्टरीत अस्तरं लावायची. एकच मुलगी, लिओरा. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, मराठी तिला सगळं समजायचं पण बोलायला लागली की शब्दांना ठेच लागायची. राफाएल उंचीनं बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. इंग्रज शेजारी त्यांना हिंदू समजत, पाकिस्तानी दुकानदार गुजराती समजत आणि सिनेगॉगमध्ये नवा कुणी आला की विचारी, तुम्ही कधी ज्यू झालात? राफाएल शांतपणे सांगायचा, "तुमच्या आधी."

धर्माच्या बाबतीत त्याचा देवाशी आपला खास करार होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, तो गाडी चालवायचा. ओव्हरटाइम असला की कारखान्यातही जायचा. टीव्हीवर फुटबॉल बघायचा. पण शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. का, तर त्याच्या आजीनं कधी लावला नाही. पेझारीला त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सुटलेला, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. एखादं परगावचं गिऱ्हाईक न कळून उंबऱ्यावर नाणं ठेवून गेलंच, तर आजी त्यावर वाटी पालथी घालायची आणि संध्याकाळपर्यंत घरातलं सगळं माणूस त्या वाटीला वळसा घालून जायचं. सिमा चेष्टा करायची, म्हणायची, गाडी चालते, कारखाना चालतो, अडतं ते फक्त पेनीवर. तो म्हणायचा, आजीनं गाडीचं काही सांगितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर हा माणूस दिवसभर घरात. डबे नीट लावायचा, नीट लावलेले पुन्हा लावायचा. सिमाला तिच्याच स्वयंपाकघरात परवानगी मागायची पाळी आली. लिओरानं ते पाहिलं आणि वाढदिवसाला बापाला एक मेटल डिटेक्टर आणून दिला. काठीच्या टोकाला थाळी लावलेली, ती जमिनीवरून फिरवायची आणि खाली धातू असला की यंत्र चिवचिवतं. तिथल्या एसेक्स परगण्यात अशा हौशी लोकांचे क्लबच आहेत. शेतमालकाची परवानगी काढायची, पीक उभं असलं की पाय ठेवायचा नाही, खणलेला खड्डा बुजवायचा आणि मिळेल त्यात मालकाचा अर्धा वाटा. राफाएलला मिसेस हॉब्स नावाच्या म्हाताऱ्या बाईचं शेत मिळालं, ऑन्गरच्या पुढे. क्लबवाले शनिवारी जमायचे, म्हणून हा एकटाच रविवारी जायचा. संध्याकाळी यायचा तो गुडघ्यापर्यंत एसेक्स घेऊन. आणि सापडायचं काय, तर कॅनच्या कड्या, काडतुसांची बुडं, बटणं. सिमा पँट बादलीत भिजवताना म्हणायची, मुलीनं मला सुख दिलं की धुणं, कळत नाही.

मग एके रविवारी नखाएवढं हिरवं नाणं निघालं. ते ओळखायला म्युझियममध्ये न्यायचं ठरलं. सिमाही गेली, कारण तिथल्या टी-रूममधले स्कोन, म्हणजे लोणी-जॅम लावून खायचे छोटे पाव, चांगले असतात असं तिच्या कानावर आलं होतं.

तिथली नाणी बघणारी मुलगी होती केट. तिनं नाणं भिंगाखाली धरलं, रोमन आहे म्हणाली, अगदी शेवटच्या काळातलं, असली पोत्यानं निघतात. राफाएलचा चेहरा पडलेला पाहून तिला दया आली असावी, कारण तिनं कपाटातून एक लांबट खण ओढून आणला आणि या दोघांसमोर ठेवला.

खणात मखमलीवर राजे मांडले होते. ओळीनं, एकामागून एक, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. सिमानं स्कोनचा विचार सोडला.

केट सांगत होती आणि लिओरानं सांगावं तसं हळूहळू, म्हणून सिमाला बरंचसं कळलं. त्या काळी छापलेला कागद नाही, फोटो नाही. राजा रोममध्ये. इथल्या चिखलातल्या माणसानं त्याला जन्मात पाहायचं नाही. पण राजा गादीवर बसला की पहिलं काम काय, तर आपलं डोकं धातूवर उठवायचं. एक माणूस ठसा धरणार, दुसरा वर घण मारणार, एका घावाला एक नाणं. असे घाव रात्रंदिवस. ती नाणी शिपायाच्या पगारातून निघायची आणि वाळवंटापासून या बेटापर्यंत पसरायची. म्हातारा राजा मेला ही बातमी गावात यायच्या आधी नव्या राजाचं नाक गावात यायचं. डोक्याभोवती त्याच्या पदव्या, आणि मागच्या बाजूला त्याला लोकांना जे सांगायचं असेल ते. धान्याची जहाजं आली. लढाई जिंकली. देव माझ्या बाजूला आहेत. सगळीकडे आबादीआबाद आहे, आणि ती माझ्यामुळे आहे.

आणि राजा फार वाईट निघाला, त्याला मारून टाकलं, तर? सिमानं विचारलं. केट म्हणाली, मग कधीकधी लोक त्याचं तोंड छिन्नीनं खरवडायचे. तिनं एक तसलं दाखवलंही. गालावर आडवा घाव. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दात-ओठ खाऊन मारलेला, अजून ताजा.

"हातात घेऊन बघा," केट म्हणाली आणि तिनं एक जाड राजा सिमाच्या तळहातावर ठेवला.

थंड होता. आणि जड. सिमानं आयुष्यभर नाणी हाताळली होती. लहानपणी जॉर्ज राजा, मग अशोकाचे सिंह, मग इकडची राणी, आणि एकाच्याही तोंडाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं तर अंगावर काटा आला. हाडं उरली नाहीत, महाल उरला नाही, त्याची भाषा कुणी घरात बोलत नाही, आणि मान अजून ताठ! सबंध जगानं आपल्याकडे बघितलंच पाहिजे असा हुकूम देऊन तो जो गप्प झाला, तो हुकूम अजून चालूच होता. नाही तर इल्फर्डच्या सिमा पेझारकरनं त्याच्याकडे का बघावं?

केटला या दोघांबद्दल काही माहीत नव्हतं. तिनं सहज पुढचं नाणं उचललं, मोठं, पितळी. हा व्हेस्पेशियन, म्हणाली. बैलाच्या मानेचा. तरुणपणी सेनापती म्हणून इथेच, या बेटावर लढून गेला, पुढे राजा झाला. आणि ही त्याची मागची बाजू. त्यानं आणि त्याच्या मुलानं ज्यूंचा देश जिंकला, मंदिर जाळलं, त्याची ही दवंडी.

तिनं नाणं उलटं केलं. मध्ये खजुराचं झाड. झाडाखाली एक बाई जमिनीवर बसलेली, डोकं हातावर टेकलेलं.

सिमानं असं बसणं पाहिलं होतं. सुतकात घरच्या बायका जमिनीवर बसतात त्या अशाच. तिची आई बसली होती, बाबा गेले तेव्हा.

"ही कोण?" तिनं विचारलं.

केट म्हणाली, ही कुणी एक बाई नव्हे, ही अख्खा देश आहे. हरलेला देश बाई करून दाखवायचा अशी त्यांची रीत होती.

लढाया होतात, राजे जिंकतात, मंदिरं जळतात, हे सिमानं ऐकलं होतं. पण जिंकल्यावर एका बाईचं रडणं ठशात कोरायचं, त्यावर घण मारायचे, आणि तिला कधी न पाहिलेल्या लाखो माणसांनी ते रडणं देऊन भाजी घ्यायची, कोंबडी घ्यायची! केवढी ही सत्ता. देवाला घाबरत नसतील तर कशाला घाबरत असतील ही माणसं?

तिनं शेजारी पाहिलं. राफाएलनं नाण्याला हात लावला नव्हता. दोन्ही हात पाठीमागे धरून तो वाकून बघत होता, आजारी माणसाकडे बघावं तसं.

बेने इस्रायल लोकांत सांगतात की फार पूर्वी, त्या ज्यूंच्या मुलखातून निघालेलं एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, आणि सात बायका आणि सात पुरुष वाचले. त्यांची ही प्रजा. मंदिर जळायच्या आधी निघाले की नंतर, यावर दोन म्हातारे भेटले की वाद. राफाएलनं त्या वादात कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मात्र तो किल्ली न फिरवता बसून राहिला.

"सिमा, तसलं एखादं इथेही पडलं असेल ना? कुठल्यातरी शेतात?"

"असेल की. शिपाई इथे होते म्हणे."

"दोन हजार वर्षं तशीच बसली असेल मातीत." मग किल्ली फिरवत म्हणाला, "तिला वर काढायला पाहिजे."

तिथून त्याचे रविवार बदलले. बटणं मिळाली की पूर्वी खूश व्हायचा, आता नुसती खिशात टाकायचा. सिमाला कळत होतं. खजिना नको होता त्याला, नाव नको होतं. घरातली एक बाई पडली आहे आणि तिला हात देऊन उठवायचं आहे, एवढंच. तिनं मनातल्या मनात एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला. नवसाला पावणारा पैगंबर तो, त्यांच्या लोकांत अडल्यानडल्याला त्यालाच हाक.

नोव्हेंबरअखेरचा शुक्रवार होता. रविवारी पिनरला एक लग्न होतं आणि मिसेस हॉब्स म्हणाल्या होत्या की पुढच्या आठवड्यात शेत नांगरायचं आहे, तेव्हा राफाएल शुक्रवारीच गेला. आता इथला नोव्हेंबर म्हणजे दुपारी चहाला बसावं आणि कप रिकामा होईपर्यंत रात्र. सिमानं पेल्यात पाणी, त्यावर तेल घालून शब्बाथचा दिवा लावला, प्रार्थना म्हटली, मनुकांचं सरबत गाळून ठेवलं, तरी याचा पत्ता नाही. आला तेव्हा मागच्या दारात उभा राहिला. बूट काढेना.

"सापडली," म्हणाला.

सिमाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बघू."

"ठेवून आलो."

"कुठे?"

"तिथेच. मातीत."

मग तुकड्या-तुकड्यानं त्यानं सांगितलं. परत निघतानाच यंत्र वाजलं. खणलं, ढेकूळ फोडलं, तर मोठं पितळी नाणं. अंगठ्यानं माती पुसली. बसलेली बाई, हातावर डोकं, समोर झाड. नीट उजेडात धरावं म्हणून मान वर केली तर उजेडच नव्हता. दिवस केव्हाच मावळला होता. म्हणजे शब्बाथ लागला होता आणि याच्या हातात नाणं होतं.

"अहो, पण ते का चालणारं नाणं आहे? त्याचं कोण काय देणार होतं तुम्हाला? काचेत ठेवायची वस्तू ती!"

"नाणं ते नाणं."

"आणि गाडी चालवत आलात ते?"

सिमानं एकदा दिव्याकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. इतके रविवार शोधून सापडलेली बाई या माणसानं स्वतःच्या हातानं पुन्हा पुरली होती, आणि का, तर आजीनं वाटी पालथी घातली असती म्हणून. चिडावं की पाया पडावं तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "बूट काढा. सरबत गरम होतंय."

ठिकाण त्याला पक्कं ठाऊक होतं. कुंपणाच्या खांबापासून सरळ, ओकच्या झाडाच्या रेषेत. वर एक पांढरा दगड ठेवला होता. रविवारी पिनरच्या लग्नाला सिमा एकटी गेली, नवरा आजारी आहे असं खोटं सांगून.

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याचं तोंड पाहून तिनं विचारलंच नाही. हवा कोरडी मिळाली म्हणून ट्रॅक्टरवाला शनिवारीच येऊन गेला होता. पांढरा दगड, रेषा, सगळं उलटंपालटं. काळी जमीन नुसती वळ्यावळ्यांनी पसरलेली.

नांगर गाडतो आणि नांगरच कधीतरी वर आणतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला वीतभर खालचंच ऐकू येतं, त्याहून खोल गेलेलं नाही. म्हणून वाट बघायची. पीक निघालं की जायचं, पेरणी झाली की थांबायचं, पुन्हा नांगर फिरला की पुन्हा जायचं. राफाएल सुतळी बांधून पट्टे पाडायचा आणि एकेक पट्टा चालायचा. क्लबातले हसायचे. लिओरा म्हणाली, "डॅडी, काळोख होता ना? फॉइल असेल. तुमचा डोळा पण टेस्ट करायला पाहिजे." तो म्हणायचा, करू की. आणि रविवारी पुन्हा निघायचा.

खरं सांगायचं तर सिमालाही शंका यायची. म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी हवं ते दिसतं. पण ती डबा भरून द्यायची, चपाती आणि ऑम्लेट, आणि देताना तोंडावर शंका दिसू द्यायची नाही. चौथ्या हिवाळ्यात त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, जड काम नको. खणणं जड आहे का, असं त्यानं त्यांना विचारलंच नाही.

त्याच हिवाळ्यात, एका रविवारी, अजून ऊन असताना तो परत आला. बूट न काढता स्वयंपाकघरात आला. फरशी नुकतीच पुसलेली होती, पण सिमा काही बोलली नाही, कारण त्यानं मूठ पुढे केली होती. मूठ उघडली.

झिजलेलं होतं. राजाला फक्त मान आणि हनुवटी उरली होती. पण मागे बाई होती. बसलेली, डोकं हातावर, समोर झाड. सिमानं डोक्यावर पदर घेतला. माणूस वारलेल्या घरात शिरताना घेतो तसा तो आपोआप घेतला गेला. आणि राफाएल, जो एझ्रा गेल्याची तार आली तेव्हाही रडला नव्हता, तो ओट्याला धरून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

केटनं नाणं भिंगाखाली धरलं. बराच वेळ धरलं. एक जाड पुस्तक काढलं, दुसरं काढलं. मग खुर्ची ओढून या दोघांच्या समोर बसली. डॉक्टर अशीच खुर्ची ओढतात, असं सिमाच्या मनात आलं.

केट म्हणाली, नाणं सुंदर आहे. पण हा व्हेस्पेशियन नाही. हा नीरो. व्हेस्पेशियनला त्या लढाईवर ज्यानं पाठवलं, तो. त्याचीही मान जाडच होती. आणि ही बाई...

"ही बाई काय?" राफाएलनं विचारलं.

"ही रडत नाहीये. ही निवांत बसली आहे."

तिनं पुस्तकातलं न झिजलेलं चित्र दाखवलं. खुर्चीवर आरामात रेललेली देवी. तिचं नावच मुळी सुरक्षितता. माझ्या राज्यात कुणाला कसली चिंता नाही, असं नीरोला जगाला सांगायचं होतं, म्हणून ही हातावर डोकं टेकून सुखानं बसलेली. समोर खजूर नव्हे, वेदी, तिच्यावर पेटलेला जाळ. झिजून झिजून जाळाच्या झावळ्या झाल्या होत्या.

सिमानं केटला ते दुसरं, खणातलं नाणं पुन्हा काढायला लावलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. इंग्रजी वाचणंच तिला जेमतेम, तिथे ही लॅटिन भाषा कुठली कळायला! तिला दिसत होत्या त्या दोन बायका. बसणं तेच. हात तोच. मान तीच. खाली राजानं एक शब्द लिहिला की ती सुखी, दुसरा लिहिला की तीच उद्ध्वस्त. तिला स्वतःला काय वाटतंय हे कुणी विचारलं होतं? त्या काळी या चिखलात राबणारी एखादी बाईही वाचायला शिकली नसेल. तिच्या हातात दोन्ही नाणी आली असतील. तिनं काय समजायचं? समजायचं एवढंच, की हसायचं कधी आणि रडायचं कधी हे दूर कुठेतरी एक माणूस ठरवतो, आणि त्याचा निरोप घरोघर पोचतो. सिमाला तिथे, त्या गरम खोलीत, थंडी वाजली. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला होता, हे त्याहून जास्त.

परत येताना ए-ट्वेल्व्ह नावाच्या हमरस्त्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तिथे राफाएल हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी हसत होता.

"चार वर्षं, सिमा. चार वर्षं मी एका सुखी बाईसाठी झुरलो."

"आणि मी तिच्यासाठी डोक्यावर पदर घेतला," सिमा म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं.

घर आलं. त्यानं गाडी लावली, किल्ली काढली.

"म्हणजे ती अजून खालीच आहे," म्हणाला.

सिमा त्याला सांगू शकली असती की पुरे आता, डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल. उतरा, गार वारा आहे."

ते नाणं त्यानं म्युझियमलाच देऊन टाकलं, मिसेस हॉब्सही हो म्हणाल्या. नीरोला घरात कशाला, म्हणाला. मलिदा मात्र सिमानं केला. लिओरानं विचारलं, "पण मम्मी, रॉन्ग कॉइन मिळाला ना?" सिमा म्हणाली, नवस बोलताना मी नाणं मिळू दे म्हटलं होतं, कुठलं ते बोलले नव्हते, आणि पैगंबराशी असली घासाघीस करू नये. पोहे भिजवून त्यात गूळ, खोबरं, वेलची घालून ढीग केला, भोवती पाच फळं मांडली. मिसेस हॉब्सना बोलावलं होतं. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि असला नाश्ता मला रोज चालेल म्हणाल्या. राफाएलनं हिब्रूतली प्रार्थना म्हटली आणि शेवटी मराठीत, हळूच, आणखी काहीतरी म्हटलं. ते सिमानं ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढल्या मार्चमध्ये तो गेला. मंगळवारी सकाळी, मोजे घालता घालता, पलंगाच्या कडेवर. फार त्रास झाला नाही असं सगळे म्हणाले.

त्याच्या आदल्या रविवारीही तो शेतावर गेला होता. आठवड्याभरात पेरणी होती, मग भादव्यापर्यंत जाता येणार नव्हतं. सिमानं चपाती-ऑम्लेटचा डबा दिला, थर्मास दिला, मफलर पुन्हा एकदा गुंडाळून दिला. त्यानं तो कोपऱ्यावर जाऊन सैल केला असणार, नेहमी करायचा. मिसेस हॉब्सनी नंतर सांगितलं की त्यांनी खिडकीतून पाहिलं, तो सुतळी बांधत होता, मग चालत होता, मध्ये वाकत होता, खड्डा खणून झाला की पायानं माती सारखी करत होता. जाताना फाटकाची कडी लावून गेला.

दिवे लागायच्या आधी तो मागच्या दारी आला. बूट काढले, पायरीवर आपटले, उलटे करून ठेवले. हात धुतले. मग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि खिशातलं सगळं त्यावर ओतलं. कॅनच्या कड्या, एक काडतुसाचं बूड, गंजलेला खिळा, कोटाचं पितळी बटण. बोटानं एकेक उलटून पाहिलं, बटण दोनदा.

"आज नाही," म्हणाला. "चहा टाक."